डुंबा, टँकर येतोय

दोन रात्री, तीन दिवस, जीएसटी वेगळा. महाबळेश्वरच्या डोंगरावर मनःशांती सध्या अशा पॅकेजात विकली जाते. आल्या आल्या कोकम सरबत, मग तिळाच्या तेलाचा मसाज, मग वाटाड्यासह रानफेरी. आणि प्रत्येक व्हिलाच्या ओट्यावर तुमचा स्वतःचा, खासगी प्लंज पूल.

दहा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल. म्हणजे नऊ हजार लिटर. खेड्यातल्या माणसाला सरकारी हिशेबाने दिवसाला ५५ लिटर मिळायला हवेत. तेव्हा दीडशेहून जास्त माणसांच्या पाण्यात एक जोडपं, हातात ग्लास धरून, समोरच्या जंगलाकडे बघत ताण घालवतं. कसला ताण, ते पॅकेजमध्ये लिहिलेलं नाही.

या डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पाच नद्या इथे उगम पावतात. पण तो पाऊस चार महिन्यांत कोसळून उताराने निघून जातो, जांभ्यात मुरलेल्या पाण्यावर झरे जेमतेम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तग धरतात. व्हिलाचा हंगाम एप्रिल-मे. म्हणून टँकर.

टँकर रात्री येतो, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. दिसत नाही, ऐकू मात्र येतो. वळणावर मागे घेताना त्याचा रिव्हर्स हॉर्न एक भक्तिगीत वाजवतो, आणि आत स्पामध्ये नेमका काशाच्या वाटीचा नाद चाललेला असतो. माझी सूचना अशी की लपवू नका, पॅकेजात घाला. ‘जलागमन विधी’ म्हणा. पाहुण्यांना पांढऱ्या झग्यात ओळीने उभं करा, ड्रायव्हरला ‘जलगुरू’ म्हणा, पाइपातून पहिली पिचकारी पडली की सगळ्यांनी डोळे मिटून खोल श्वास घ्यावा. डिझेलचा वास येईल, त्याला अरोमाथेरपी म्हणून वेगळे पैसे लावा. खालच्या वाडीतल्या बायकांनाही बोलवा, त्या हंडे घेऊन याच वाटेने यायच्या. रानफेरी म्हणून जी विकता, ती झऱ्यावर जायची त्यांचीच पायवाट आहे. तिच्यावर आता ‘खासगी मालमत्ता’ची पाटी आणि फाटक आहे. कोणी बांधलं फाटक? कोणाला विचारून? पाटी रंगवताना लाज कशी वाटली नाही?

जुलैत मात्र पूल फुकट भरतो, ओसंडून वाहतो. तेव्हा पाहुणे नसतात, दर निम्मे आणि रानात जळवा. जळवा लावणं ही आयुर्वेदातली जुनी चिकित्सा, पण तिचा उल्लेख स्पाच्या यादीत सापडला नाही. अडचण समजते. पोट भरलं की जळू आपणहून सुटते.