फिलिपच्या घरचं कार्य

निवृत्तीनंतर लोक कुंडीत मिरच्या लावतात. मी ग्रोटचा ग्रीसचा इतिहास काढला. खंड 12. ग्रोटसाहेब लंडनचे, पेशाने बँकवाले; 1846 ते 1856 अशी दहा वर्षं ते हे खंड काढत होते. मीही बँकेतच होतो. माझ्या नावावर कर्जमेळाव्याचा एक अहवाल आहे, तोही शिपायाने सुचवलेला.

देवादिकांच्या भानगडी मजेत वाचल्या. घाम फुटला तो माणसं सुरू झाल्यावर. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल तिकडेही. पण आपल्याकडे निदान आडनाव असतं, हाक मारायला बंडू असतो. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉन जिंकणारा मिल्टिआडीस हा किमॉनचा मुलगा, आणि पुढे इराण्यांना पाणी पाजणारा किमॉन हा मिल्टिआडीसचा! मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वंशावळ मांडायला घेतली. पेरिक्लीसपर्यंत येताना ऑगस्ट संपला होता.

आई समोर मटार सोलत बसते. वय 86. पेपरातलं पहिलं ती निधनवार्तांचं पान उघडते, त्यामुळे मलाही तोच प्रश्न.

“आज कोण गेलं रे?”

“पेरिक्लीस. साथीत. आधी दोन मुलगे, मग हा.”

आई हळहळली. तीन आठवड्यांनी पुन्हा विचारलं.

“पेरिक्लीस.”

“तो गेला ना मागेच?”

“तो बाप. हा मुलगा, आस्पासियाचा.”

“ती कोण?”

हे जरा अडचणीचं होतं. मी घाईने आर्गिनुसाईच्या लढाईकडे वळलो. इ.स.पू. 406. अथेन्सच्या सेनापतींनी समुद्रावर लढाई जिंकली, पण वादळात फुटक्या जहाजांवरची माणसं उचलायची राहिली. म्हणून अथेन्सकरांनी हाती लागलेल्या सहाही सेनापतींना मारलं, त्यात हा. मग पस्तावले.

“जिंकूनसुद्धा?” आई म्हणाली, आणि एक मटार खाली गेला तो तिने शोधला नाही.

शेवटी आलं मॅसिडोनियाच्या फिलिपच्या घरचं कार्य, इ.स.पू. 336. मुलगी क्लिओपात्रा. (इजिप्तची नव्हे, ती तीनशे वर्षांनी.) नवरामुलगा अलेक्झांडर. मुलीचा भाऊही अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर. फिलिपने वर्षभरापूर्वीच नवी बायको केलेली, तिचंही नाव क्लिओपात्रा. मुलीची आई ऑलिंपियास ही नवऱ्यामुलाची सख्खी बहीण.

“म्हणजे मामाशीच लग्न,” आईने क्षणात लावून टाकलं. माझं अख्खं नोव्हेंबरचं पान वाया गेलं. “कर्नाटकाकडे करतात.”

त्या समारंभातच, नाट्यगृहात शिरताना, फिलिपला त्याच्याच अंगरक्षकाने भोसकलं. नाव पॉसानियास. आता पॉसानियास हा स्पार्टाचा सेनापती. देवळात कोंडला जाऊन उपाशी मेला म्हणून मी त्याच्यावर जुलैतच काट मारली होती. तो परत कुठून आला, म्हणून अर्धा तास मागची पानं चाळली. हा दुसरा निघाला.

“यजमानच गेला रे,” आई म्हणाली. “पंगती उठल्या होत्या का?”

“आदल्या रात्रीच.”

“मग त्यातल्या त्यात बरं,” असं म्हणून तिने मटाराची टोपली माझ्याकडे सरकवली.