देशाचे सर्पदंश मोजा, धायरीत बसून

साहित्य: एक वही, बेताचे गणित आणि पुण्याच्या कडेच्या धायरीतल्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप.

आधी ग्रुपवरचे साप मोजून हौस फिटवून घ्या. पाऊस लागला की "पार्किंगमध्ये घोणस, मुलांना खाली सोडू नका" असा मेसेज येतो, सोबत हललेला फोटो. सर्पमित्र येऊन धामण पिशवीत भरून नेतो. ग्रुपवर घोणसच राहते. साप दिसणे, चावणे आणि विष भिनणे यांचे रकाने वेगळे ठेवा. नागसुद्धा कधीकधी विष न सोडता चावतो.

मग धायरीचा आकडा देशाच्या लोकसंख्येने गुणायचा मोह होईल. आवरा. सर्पदंशाचे ९७ टक्के मृत्यू खेड्यांत होतात आणि धायरी आता धड खेडे नाही, धड शहर नाही.

रुग्णालयांच्या नोंदी मागवाव्यात? मागवा, पण दारापर्यंत पोहोचला तोच तिथे सापडेल. वाटेत गेलेला, मांत्रिकाकडे नेलेला कुणाच्याच रजिस्टरात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले. त्यामुळे आकडे चढले तर साप वाढले असे छापू नका.

खरी रीत पायपिटीची. दारात जाऊन विचारायचे, "मावशी, घरात कुणाला पान लागलं होतं का?" (पान लागणे म्हणजे साप चावणे.) उत्तर जसेच्या तसे लिहायचे आणि दोन डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवायचे. देशभरच्या एका पाहणीत २००१ ते २००३ मधले सव्वा लाखाच्या आसपास मृत्यू असे तपासले, त्यात सर्पदंशाचे निघाले ५६२. एवढ्यावरून २००५ सालचा देशाचा अंदाज आला ४५,९००. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्याच्या तीसपटींहून जास्त!

हे झाले मृत्यू. चावे किती, ते मृत्यूंवरून काढू पाहाल तर महाडला जाऊन या. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाबाचे प्राझोसिन वापरले आणि दगावणारे रुग्ण झपाट्याने घटले. नुसते मृत्यू मोजणारा शिकाऊ माणूस त्यावरून विंचवांनी कोकण सोडले असे लिहून मोकळा झाला असता.