आजची तारीख, कालची सभा

वर्डमध्ये तारीख घालायला गेलं की एक छोटी चौकट उघडते. तारखेचे डझनभर नमुने आणि खाली एक नम्र चौकोन : ‘अपडेट ऑटोमॅटिकली’. त्यात खूण केली की तारीख लिहिली जात नाही, नेमणुकीवर येते. फाईल ज्या दिवशी उघडाल, त्या दिवशीची होऊन हजर राहते. ठाण्या-डोंबिवलीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला याचा मोह पडणारच, कारण बिचाऱ्याचं सगळं पत्रलेखन जुनं पत्र उघडून नावं बदलण्यावर चालतं आणि त्यात तारीख बदलायची हटकून राहते. पण वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि तिची नोटीस पुरे चौदा दिवस आधी द्यायची, असा नियम. नोटीस वेळेवर निघते, सभा २८ तारखेला पार पडते. ऑक्टोबरात ऑडिटर प्रत मागतात. सेक्रेटरी फाईल उघडून प्रिंट काढतात आणि कागदावर येतं : दिनांक १२ ऑक्टोबर, सर्व सभासदांनी २८ सप्टेंबर रोजी वेळेवर उपस्थित राहावे, ही विनंती. कोरम नसल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी, हेही खाली असतंच.

चूक वापरणाऱ्याची, खूण केलीच का, असं कोणी म्हणेल. पण हाताने टाइप केलेली तारीख आणि ही फिरती तारीख पडद्यावर दिसायला तंतोतंत सारखी. तिच्यावर क्लिक केल्यावर मागे राखाडी सावली उमटते, तेवढीच काय ती ओळख. आणि उगाच तारखेवर क्लिक करून बघणारा सेक्रेटरी अजून कोणत्याही पॅनेलने निवडून आणलेला नाही. शिवाय जे खरंच बदलायला हवं, तिथे हे यंत्र सुस्त. अहवालात चार पानं वाढली तरी अनुक्रमणिका जुनेच पृष्ठांक सांगत बसते. एफ ९ दाबून उठवावं लागतं. म्हणजे माझी तक्रार चपळाईबद्दल नाही, चपळाईच्या जागेबद्दल आहे. डोंबिवली स्टेशनवरच्या इंडिकेटरने गेलेली लोकल विसरलीच पाहिजे, त्याचा पगारच त्याचा. कागद मात्र गेलेली लोकल लक्षात ठेवायलाच फायलीत लावलेला असतो.

याचा सज्जड पुरावा कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवरची २७ गावं. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ती आत होती, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. पत्रांतले पत्तेही आपोआप ताजे होऊ लागले तर काय होईल, याची कल्पना करा. निळज्याच्या ग्रामपंचायतीने २००८ साली दिलेला दाखला आज उघडला की वर महापालिकेचं नाव, खाली सरपंचांची सही! कागद अद्ययावत आणि त्यावरचा व्यवहार अधांतरी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसई-विरारच्या जुन्या कागदांनीही रातोरात ‘जि. ठाणे’ पुसलं असतं. जुना पत्ता चुकीचा नसतो. तो त्या दिवशी बरोबर होता एवढंच सांगायला तो तिथे असतो.

जाणकार म्हणतील, वर्डमध्ये दस्तऐवज तयार झाल्याची तारीख दाखवणारं वेगळं फील्ड आहे, ते वापरा. आहे, आणि टेम्प्लेटमधून नवी पत्रं काढणाऱ्यांना ते उत्तम. पण आमच्याकडे टेम्प्लेट नसतं, ‘मागच्या वर्षीचं पत्र’ असतं. त्या फाईलचीच कॉपी मारून नवं नाव दिलं की ते फील्ड इमानेइतबारे मूळ पत्राचा जन्मदिवस सांगतं. लेखकाचंही तसंच. स्टेशनजवळच्या एकाच डीटीपीवाल्याकडे सोसायटीची तक्रार आणि बिल्डरचा खुलासा दोन्ही टाइप झाले, तर फाईलच्या पोटात दोन्हींचा लेखक एकच निघतो. ही पोटातली माहिती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकविषयीचा अहवाल वर्ड फाईल म्हणूनच प्रसिद्ध केला आणि आत नोंदलेली, फाईल हाताळणाऱ्यांची नावं चव्हाट्यावर आली. कोणी न विचारता यंत्राने मुकाट लिहून ठेवलेलं तेवढं खरं निघालं.

तारखेच्या बाबतीत सरकारी कचेरीची जुनी रीतच मला शहाणी वाटते. पत्र टाइप होतं तेव्हा जावक क्रमांक कोरा असतो, दिनांकापुढे महिना आणि साल असतं, दिवसाची जागा मोकळी. साहेबांची सही झाली, पत्र जावक नोंदवहीत चढलं की बारनिशीतला कारकून पेनाने आकडा भरतो. त्या कोऱ्या जागेत मागची तारीख टाकता येते, हा आक्षेप मला मान्य आहे, टाकतातही. पण त्यासाठी निदान एक माणूस आणि एक पेन लागतं. अक्षर ओळखता येतं, नोंदवही मागवता येते आणि वेळ आलीच तर त्या माणसाला बोलावून घेता येतं. सेक्रेटरींच्या फिरत्या तारखेबद्दल ऑडिटरांनी खुलासा मागायचा तो कोणाकडे? तोवर फाईल कोणीतरी पुन्हा उघडलेली असते.