नवे सर

नवे सर ओळखायला फार शहाणपण लागत नाही. शाळा भरायला दहा मिनिटं असताना जो घामाघूम होऊन, पाठीला सॅक आणि काखेत कार्डशीटची गुंडाळी घेऊन फाटकातून शिरतो, तो नवा सर. जुना शिक्षक कापडी पिशवी घेऊन येतो. तिच्यात येताना डबा असतो, जाताना कोथिंबीर.

असे नवे सर आमच्या भिवंडीच्या शाळेत दर चार-पाच वर्षांनी उगवतात. नाव बदलतं, जिल्हा बदलतो, गुंडाळी तीच. माझी इथली बावीस वर्षं झाली, तेव्हा या जातीचा माझा अभ्यास बरा आहे. शिवाय एके काळी मीही त्याच जातीची होते. पहिल्या वर्षी मी वर्गाच्या छताला कापसाचे ढग चिकटवले होते. ज्या गावात मागांमुळे रुईचे तंतू आपणहून नाकात येऊन बसतात, त्या गावात! मुलांनी ते ढग निमूट पाहिले आणि एकीने विचारलं, ‘‘बाई, हे झाडून काढू का?’’

या खेपेचे सर लातूर जिल्ह्यातले. 2024 मध्ये पवित्र पोर्टलवरून आले. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा असतात, हे घरच्यांना समजावून सांगणं ही त्यांची तिसरी परीक्षा. ती ते अजून पास झालेले नाहीत. पसंतीक्रम भरताना नकाशात भिवंडी मुंबईला खेटून दिसली, म्हणून वर टाकली. ‘‘रविवारी समुद्र बघता येईल वाटलं होतं,’’ ते म्हणाले. पहिल्या रविवारी ते समुद्राला निघाले आणि ट्रकांच्या कोंडीमुळे भिवंडीतल्याच अंजूरफाट्यापर्यंत पोहोचून परत आले.

आई गावभर ‘पोरगा सर झाला’ सांगते. शासन निर्णयात मात्र पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’. मानधन 16,000. आधी 6,000 होतं, 2023 पासून वाढलं, म्हणून आम्ही जुनी माणसं ‘तुमची मजा आहे’ असं म्हणून घेतो. त्यातून कामतघरची खोली आणि बिशी. बिशी म्हणजे यंत्रमाग कामगारांची खानावळ. शेजारच्या ताटावर बसणाऱ्या मागवाल्यांना सर रोज रात्री शैक्षणिक मानसशास्त्र सांगतात, अशी माझी माहिती आहे. ते ऐकतात, कारण दिवसभर मागाच्या खडखडाटात कुणी कुणाचं ऐकत नाही.

सरांकडे एक दोनशे पानी वही आहे. मुखपृष्ठावर ‘उपक्रम’. प्रत्येक उपक्रमाला क्रमांक, तारीख आणि उद्दिष्ट. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी पाड्यात शाळा घेऊन गेल्या, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, हे सरांनी डी.एल.एड.ला वाचलेलं. ‘‘मॅडम, शाळा मुलांकडे गेली पाहिजे,’’ ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. इथं आम्ही ‘बाई’ म्हणवून घेतो, पण त्यांच्या ‘मॅडम’मध्ये इतकी श्रद्धा होती की मी दुरुस्ती केली नाही.

उपक्रम क्रमांक 1 होता ‘श्रवण’. पाचवीच्या मुलांनी डोळे मिटायचे, दोन मिनिटं बाहेरचे आवाज ऐकायचे आणि किती ऐकू आले ते सांगायचं. आमच्या शाळेला लागून एक कारखाना आहे, त्याची खिडकी आमच्या भिंतीत उघडते म्हटलं तरी चालेल. दोन मिनिटांनी सरांनी विचारलं, ‘‘काय ऐकलंत?’’ वर्ग एकमुखाने म्हणाला, ‘‘काही नाही.’’ सरांना वाटलं थट्टा चाललीय. ते ‘खटखट, खटखट’ असं स्वतः करून दाखवू लागले, तेवढ्यात लाइट गेली. माग थांबले. आणि सगळ्या मुलांनी खाडकन डोळे उघडून, माना वर करून विचारलं, ‘‘सर, काय झालं?’’

ही मुलं मागाच्या आवाजात झोपी जातात. त्यांना जाग शांततेने येते. सरांनी जुलै महिना ‘हळू बोला’ सांगण्यात घालवला होता. मागाशेजारी वाढलेल्या पोराला हळू बोल म्हणणं म्हणजे माशाला वाळवून पोहायला सांगणं. आता सर वर्ग आवरायला ओरडत नाहीत. वाक्याच्या मध्येच बोलायचं थांबतात. लाइट गेल्यासारखा वर्ग वर बघतो. ही युक्ती मी चोरली आहे, त्यांना सांगितलेलं नाही.

भाषेचा उपक्रम मात्र सरांवरच उलटला. आमच्या मराठी शाळेत मराठी किती प्रकारची असते याची गावाबाहेरच्या माणसाला कल्पना नसते. आगरी मुलगा झाडाला झार आणि घोड्याला घोरा म्हणतो. पद्मानगरची मुलगी घरी तेलुगू बोलते आणि शाळेत अगदी पुस्तकासारखी मराठी बोलते, तिला कुणी दुसरी शिकवलेलीच नाही. एक खानदेशी, दोघं उत्तर प्रदेशचे. सरांनी ‘प्रमाण शब्द’ म्हणून भिंतीवर पट्ट्या लावल्या आणि झार-घोरा रोज सुधारू लागले. सुधारता सुधारता स्वतः काय म्हणत? ‘‘काय करलालास रे तिथं? इकडं ये!’’ दिवाळीपर्यंत झार आपल्या जागी होतंच, वर अर्धा वर्ग लातूरकडचं ‘करलालो’, ‘जेवलालो’ बोलू लागला. वर्ग पाहायला आलेल्या साहेबांनी ‘करलालो’ म्हणणाऱ्या एका आगरी पोराला विचारलं, ‘‘बाळ, गाव कोणतं?’’ पोरगं म्हणालं, ‘‘काल्हेर.’’ म्हणजे इथलंच, भिवंडीशेजारचं. साहेबांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

गणितात सरांनी ठरवलं की उदाहरणं परिसरातली हवीत. आमराई नको, गोदाम हवं. फळ्यावर लिहिलं: एक ट्रक भिवंडीहून कल्याणला निघाला. अंतर 12 किलोमीटर, वेग ताशी 30 किलोमीटर. किती वेळ लागेल? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘‘दोन तास.’’ सर म्हणाले, नीट विचार कर. त्याने विचार केला. ‘‘पाऊस असेल तर तीन.’’ सर 24 मिनिटं कशी येतात ते मांडून दाखवू लागले, तर वर्ग अशा करुणेने बघत होता की जणू सर आजारी आहेत. एकाने हात वर केला: ‘‘सर, पण दिवसा मोठा ट्रक सोडतात का?’’ त्याचे वडील ट्रकवर आहेत. त्या दिवशी बालभारतीच्या पुस्तकातल्या, नोंदी करायला ठेवलेल्या कोऱ्या पानांवर पोरांनी चौदा टायरांचे ट्रक काढले, टायर मोजून. बाकी वर्षभर ती पानं कोरीच राहिली, आणि पुढच्या वर्षीपासून सरकारने ती काढूनच टाकली.

मधल्या काळात बराच वेळ माहिती भरण्यात गेला. आधारची माहिती, यू-डायसची माहिती, आणि मागच्या आठवड्यात दिलेली माहिती मिळाली नसल्याबद्दलची माहिती. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक ड्यूटी. ते सगळं सांगत बसत नाही. शिक्षक वाचत असतील त्यांना माहीत आहे, आणि इतरांना खरं वाटणार नाही.

सांगायचंय ते चटईबद्दल. कागदी चटई हा कार्यानुभवातला सनातन उपक्रम. दोन रंगांचे घोटीव कागद, पट्ट्या कापायच्या, एक वर एक खाली. आपण सगळ्यांनी केलीय, आणि कुणाच्याही घरी तिच्यावर कुणी कधी बसलेलं नाही. सर रात्रभर जागून नमुना करून घेऊन आले आणि भिवंडीत मुलांना विणणं शिकवायला उभे राहिले. आळंदीत जाऊन हरिपाठ शिकवावा तसं.

मी भिंतीपलीकडून ऐकत होते. ‘‘या उभ्या पट्ट्या, या आडव्या,’’ सर म्हणाले. ‘‘ताणा आणि बाणा,’’ वर्ग म्हणाला. थोडी शांतता. मग एक मुलगी, तिची आई घरी मागाच्या सुताच्या कांड्या भरते, जवळ जाऊन नमुना उलटा करून बघत म्हणाली, ‘‘सर, हे सुटणार.’’ ‘‘का सुटणार?’’ ‘‘किनारच नाही.’’ तिने कडेची पट्टी मागे दुमडली, पुढची तिच्यात अडकवली. दुसरा म्हणाला, ताणा ढिला आहे, ओढून धरा. तिसरा धोट्यासारखी पट्टी फेकत तोंडाने माग चालवू लागला, आणि मग सगळा वर्गच माग झाला. मी जाऊन पाहिलं तर सर खाली बसून ताणा धरून होते, कांडीवाली त्यांना ‘सैल नका सोडू’ म्हणून दटावत होती, आणि सर निमूटपणे ‘हो, हो’ म्हणत होते. कार्डशीटची गुंडाळी कोपऱ्यात तशीच उभी होती. उभ्या-आडव्या पट्ट्या मोजून त्यांनी त्याच तासाला गुणाकारही घेतला. तो कुणाच्या लक्षात आला नाही, इतका बरा झाला.

एप्रिलमध्ये वर्ग विरळ होतो. उत्तर प्रदेशची दोघं मुलुखाला गेली. रोज हजेरी घेताना सर त्यांची नावं तरीही पुकारतात आणि स्वतःच ‘गैरहजर’ म्हणतात. मोठ्या बाईंनी चटईचा उपक्रम नवोपक्रम स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. अहवालात रकाने असतात: उद्दिष्टं, कार्यवाही, यशस्विता. पहिले दोन सरांनी सहा पानं भरून लिहिले. तिसऱ्यापाशी अडले आणि माझ्याकडे आले.

‘‘मॅडम, यशस्वितेत काय लिहू?’’

‘‘शंभर टक्के लिहा. सगळे लिहितात.’’

ते गेले. जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्या बाई कागद हातात घेऊन माझ्या वर्गात आल्या. ‘‘हे काय लिहिलंय बघा यांनी. असं पाठवायचं का?’’ यशस्वितेच्या रकान्यात सरांच्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘चटई अजून भिंतीवर आहे. किनार सुटलेली नाही.’

‘‘पाठवा,’’ मी म्हटलं. ‘‘आणि बाई, त्या कांडीवालीचं नाव घाला खाली.’’