एअरकूल्ड काका

काकांचं खरं नाव जिन्याखालच्या पाटीवर आहे. ते पोस्टमनखेरीज कुणी वाचत नाही. ‘एअरकूल्ड काका’ ही पदवी त्यांना सोसायटीतल्या गाडीवेड्या पोरांनी थट्टेनं दिली. काकांना थट्टा कळली नाही, किंवा कळूनही आवडली असावी, कारण आता ते फोनवर स्वतःची ओळखही तशीच करून देतात.

काकांचं म्हणणं थोडक्यात असं : पोर्शे 911 ही गाडी 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात जन्माला आली आणि 1998 साली वारली. तिच्या इंजिनाला पाणी लागत नसे. सहा सिलिंडर समोरासमोर आडवे, सगळं धूड मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं, आणि ते थंड ठेवायला एक भलामोठा पंखा. 1997 साली 996 या क्रमांकाची नवी पिढी आली, कंपनीनं इंजिनाभोवती पाणी खेळवलं, पुढच्या वर्षी जुनी 993 बंद झाली आणि विषय संपला. त्यानंतर 911 या नावानं जगभर जे काही फिरतंय, त्याचा उल्लेख काका ‘ती वस्तू’ असा करतात. ‘काल ती वस्तू एक्स्प्रेसवेला दिसली,’ म्हणतात आणि तोंड फिरवतात. पण रंग कोणता, चाकं कोणती, पासिंग कुठलं, असं विचारून बघा. सगळं टिपून ठेवलेलं असतं.

काकांकडे पोर्शे नाही. कधी नव्हती. सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे ती असती, तर आधी लेखापरीक्षण झालं असतं. ही गाडी जर्मनीत पूर्ण तयार होऊन बोटीनं येते, तिच्यावर घसघशीत आयात कर बसतो आणि साधी कॅरेरा घ्यायची म्हटली, तरी मामला दोन कोटींच्या घरात जातो. एकदा मी भीत भीत म्हटलं, ‘काका, तुम्हाला घ्यायचीच नाही, तर इतका त्रास कशाला करून घेता?’ काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘अरे, घ्यायची नाही म्हणून बिघडलेली चालेल का?’

याला उत्तर नाही. या शौकिनांची जमातच अशी आहे. पुण्यात आहे, नाशकात आहे, कॅलिफोर्नियात तर उदंड आहे. काकांचा एक भाचा नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असतो. तो सुट्टीच्या दिवशी त्सुफेनहाउझेनच्या पोर्शे संग्रहालयात जातो आणि मामाला फोटो पाठवतो. मामा ते बोटांनी मोठे करून पाहतात आणि उलट टपाली कळवतात, ‘तिसऱ्या रांगेतल्या गाडीच्या आरशाचा कोन बघ. नंतरचा वाटतो.’ भाच्यानं हल्ली आरसे टाळून फोटो काढायला सुरुवात केली आहे.

आता दिव्यांबद्दल. 996चा विषय निघाला, की पाण्याच्या आधी दिवे येतात. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्या 911ना गोल डोळे होते. 996ला मात्र मुख्य दिवा, वळणाचा इशारा, सगळं एकाच काचेखाली कोंबलं होतं आणि त्यातला नारिंगी भाग खालच्या बाजूला ओघळल्यासारखा दिसत होता. जर्मन लोकांनीच त्याला तळलेल्या अंड्याचं नाव ठेवलं. काका घरचे कडक शाकाहारी. मठात जाणारे. पण या एका संदर्भात ते भर चौकात, मोठ्यानं, ‘हाफ फ्राय’ असा उच्चार करतात.

इथं मी काकांच्या बाजूचा आहे. ते दिवे वाईटच होते. आणि त्याहून वाईट म्हणजे तेच दिवे धाकट्या, स्वस्त बॉक्सस्टरलाही होते. पुढून येणारी गाडी निम्म्या किमतीची की पुऱ्या किमतीची, हे समोरच्याला कळेना. इतके पैसे मोजणाऱ्या माणसाला गाडीनं दुसरं काही नाही दिलं तरी चालतं, पण एवढं द्यावंच लागतं.

पण कंपनीची बाजूही ऐका. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शेची अवस्था बिकट होती, विकली जाते की काय अशी चर्चा होती. व्हेंडेलिन व्हीडेकिंग यांच्या हाती सूत्रं आली. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार कारखान्यात आणले आणि जिथं जिथं वेळ नि पैसा झिरपत होता ती भोकं बुजवायला घेतली. दोन गाड्यांचं पुढचं अंग सामाईक ठेवलं तर खर्च वाटला जातो. दिव्यांचा एकच जुडगा असेल तर तो जोडणाऱ्या कामगाराचं काम झटकन होतं. पाण्याचंही तसंच, हौस म्हणून कुणी पाणी आणलं नव्हतं. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत चालले होते. दर सिलिंडरला चार झडपा बसवायच्या, तर नुसत्या वाऱ्यावर ते डोकं थंड राहीना. थोडक्यात, ज्या गाडीला काका खुनी ठरवतात, तिनंच घर चालवलं. 996 पावणेदोन लाखांच्या आसपास बनल्या.

हे मी काकांना एकदा नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हणजे पैशासाठी केलं ना? मग तेच तर म्हणतोय मी.’

रविवारी सकाळी सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात या विषयावरची सभा भरते. काकांचा मुख्य विरोधक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला. हा 2000 साली आलेल्या ‘नीड फॉर स्पीड : पोर्शे अनलीश्ड’ या खेळावर वाढलेला आहे. दहावीचं वर्ष त्यानं 996 चालवण्यात घालवलं, संगणकावर. त्याच्या लेखी ते दिवे म्हणजे बालपण. तो हळवा होऊन म्हणतो, ‘काका, ती खरी 911.’ काका म्हणतात, ‘तू तिला कळफलकावरून चालवलीस.’ तो म्हणतो, ‘तुम्ही तेवढीही नाही चालवलीत.’ मग थोडा वेळ सगळे क्रीमरोलकडे लक्ष देतात.

एकदा सभेला खराखुरा मालक मिळाला. शेजारच्या टॉवरमधल्या दंतवैद्यांनी नवी 911 घेतली आणि बिचारे चहा प्यायला तिथं थांबले. काका चपला सरकवत गाडीभोवती प्रदक्षिणा घालून आले. मागच्या जाळीपाशी वाकून कान लावला. बंद गाडीला. मग डॉक्टरांना गाडीची पिढी विचारली, ‘991 की 992?’ डॉक्टर म्हणाले, ‘नाही हो, नंबर अजून यायचाय.’ काकांनी डोळे मिटले. मग जरा खवचटपणे, ‘एअरकूल्ड मिळाली असती तर घेतली असतीत का?’ डॉक्टर खूश होऊन म्हणाले, ‘आहे ना! सीटसुद्धा. पाठीला गार वारा लागतो. उन्हाळ्यात फार बरं.’ मग त्यांनी एक बटण दाबून गाडीचं नाक वर उचलून दाखवलं, कारण आमच्या गल्लीतला गतिरोधक नगरसेवकानं मनापासून बांधलेला आहे. त्या दिवशी काकांनी दुसरा चहा घेतला नाही.

डॉक्टरांसारख्यांचं मत या वादात कुणी विचारत नाही, ही गंमतच आहे. पैसे तेच भरतात.

काकांचा एक कच्चा दुवा मला उशिरा सापडला. 1964 साली 911 विकायला आली तेव्हाही एअरकूल्ड काका होतेच, फक्त ते जर्मनीत होते आणि त्यांची लाडकी गाडी होती तिच्या आधीची 356. त्यांची तक्रार अशी, की ही नवी फार मोठी, फार महाग, आणि सहा सिलिंडर हवेत कशाला? कंपनीनं त्यांची समजूत काढायला 1965 साली तोच सांगाडा घेऊन त्यात 356च्या वंशातलं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि तिला 912 म्हटलं. ती दणक्यात खपली. मग 1970च्या दशकात अमेरिकेच्या नियमांपायी जाडजूड बंपर आले, तेव्हा ओरड झाली. 1989ला आलेल्या 964मध्ये पॉवर स्टिअरिंग आलं, तेव्हा झाली. 2011च्या 991मध्ये ते विजेवर चालायला लागलं, तेव्हा ‘हाताला रस्ताच लागत नाही’ म्हणून झाली. 2013ला 911ची जीटी3 आवृत्ती मॅन्युअल गिअरबॉक्सशिवाय आली तेव्हा तर असा गहजब झाला, की कंपनीनं 2016 साली 911 आर नावाची मॅन्युअल गाडी काढली. मोजून 991 नग. शौकिनांचे अश्रू पुसायची ही तऱ्हा त्यांना चांगलीच जमते, आणि ती फुकट नसते.

ही यादी मी काकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, बंपरवर आणि 964वर टिचकी मारून म्हणाले, ‘या दोन्ही उत्तम गाड्या आहेत. लोकांना काही कळत नाही.’

मे 2024मध्ये मात्र काका खरोखर हादरले. 992ची सुधारित आवृत्ती आली. तिच्या जीटीएस प्रकारात इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आली होती. ते काकांनी एक वेळ पचवलं असतं. पण समोरच्या पाच गोल घड्याळांपैकी मधलं आरपीएमचं, जे आधीच्या 992मध्ये एकट्यानं खऱ्या काट्याचं उरलं होतं, तेही गेलं आणि सगळा पडदा झाला. आणि स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, जिथं पूर्वी किल्ली फिरवायची, तिथं आता दाबायचं बटण. ती डावी बाजू म्हणजे काकांचं दैवत. ल मांच्या शर्यतीत चालक पळत येऊन आत बसत, डाव्या हातानं इंजिन चालू करत आणि उजव्यानं गिअर टाकत, ही कथा त्यांनी आम्हाला सांगून सांगून पाठ करून दिली आहे. ‘किल्ली आधीच खिशात गेली होती, ठीक आहे,’ काका फोनचा पडदा आमच्यापुढे धरून म्हणाले, ‘पण निदान पिळायला काहीतरी होतं! आता काय, लिफ्ट आहे का ती?’ आवाज खरंच कापत होता.

हे सगळं काकू खिडकीतून ऐकत होत्या.

काकांकडे इतकी वर्षं बजाजची जुनी चेतक होती. आकुर्डीची. हवेनं थंड होणारी, इंजिन मागच्या चाकापाशी. थंडीत ती आधी डावीकडे आडवी करावी लागे, मग सरळ करून किक, मग पुन्हा आडवी, मग शेजाऱ्यांची किक. काका तिचं कौतुक 911च्याच शब्दांत करत. पुढे चेतक विजेवर आली. नाव तेच, इंजिन गायब, पंखा गायब, आवाज गायब. आता शुद्धतेच्या नियमानं पाहिलं, तर काकांनी तिच्यावर बहिष्कारच टाकायला हवा होता. आमच्या सोसायटीत ती पहिली काकांनी घेतली. गुडघ्यामुळे. तिची किल्ली खिशात असते आणि ती बटण दाबून चालू होते.

काकू खिडकीतूनच म्हणाल्या, ‘अहो, त्या जर्मनांचेही गुडघे दुखत असतील.’

काका काही बोलले नाहीत. स्कूटर काढली, बटण दाबलं आणि आवाज न करता भाजीला गेले.

त्यानंतर मात्र एक फरक पडला आहे. परवा सॉफ्टवेअरवाल्यानं सहज 996चा फोटो दाखवला, तर काका बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, ‘दिवे सोडले, तर बांधा आटोपशीर होता रे. आणि किल्ली होती.’ पोरगा इतका गोंधळला की बिल त्यानंच दिलं.

तेव्हा आमच्या बाजूला आलात आणि काका चहाला भेटले, तर 1997च्या दिव्यांवर खुशाल बोला, तो विषय आता निवळलाय. 2024च्या बटणाला मात्र इतक्यात हात लावू नका.