ऋणनिर्देश

स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणाऱ्या लेखकाला छापखाना पहिल्यांदा काय शिकवत असेल, तर सोळाचा पाढा. फॉर्म सोळा पानांचा आणि माझा मजकूर 135 पानांत आटोपलेला. छापखान्याचे मालक म्हणाले, "साहेब, नऊ फॉर्म धरले तर 144 होतात. मागची नऊ पानं कोरी सोडू, की काही देताय?"

कागदाचे पैसे भरायचे आणि वर पानं कोरी सोडायची, हे माझ्या पिढीच्या माणसाकडून होणं शक्य नव्हतं. मी घरी येऊन ऋणनिर्देश लिहायला घेतला. तो असा रंगत गेला, की चौथीच्या बाईंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानून झाले. 144 व्या पानाची शेवटची ओळ आली तेव्हा एकटे आमचे साडू शिल्लक होते. त्यांना 'इतर हितचिंतक' या दोन शब्दांत बसवलं. एका माणसासाठी नवा फॉर्म कोण टाकतो?

पुस्तक स्वतः काढलं म्हटलं, की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "प्रकाशक मिळाला नाही का?" मुलीचं अजून जमलं नाही का, हे विचारण्याचा जो सूर असतो, तोच. अशा वेळी मी महात्मा फुल्यांना पुढे करतो. 'गुलामगिरी' त्यांनी 1873 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली होती. पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे वगैरे तरुण मंडळींनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं तेही चक्रमुद्रित करून. या दाखल्यापुढे बहुतेक लोक गप्प होतात. साडू झाले नाहीत. "फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली होती," ते म्हणाले. "तुम्ही 'चहा आणि इतर गैरसमज' लिहिलंय."

पहिले चार वाचक मात्र मला सरकारनं मिळवून दिले. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं 30 दिवसांच्या आत पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पदरखर्चानं पाठवायची असते. प्रकाशक मीच, त्यामुळे पदरही माझाच. पार्सल घेताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कोलकात्याला मराठी कोण वाचणार हो?" त्यांच्या मागे माझंच पुस्तक पडलं होतं. मागच्या आठवड्यात मीच भेट दिलेलं, अजून प्लॅस्टिकमध्ये. मी काही बोललो नाही.

पूर्वी रजिस्टर्ड बुक पोस्टानं हे काम स्वस्तात व्हायचं. ती सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, आणि तेव्हापासून आमच्यासारखे लेखक लग्नमुंजींना न चुकता हजर राहू लागले. पुस्तक हातोहात पोचतं आणि आहेराचं पाकीटही वाचतं.

आमच्या डोंबिवलीत 2017 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्यामुळे गावाचा भाव वाढलेला आहे. इथं स्वखर्चवाल्या लेखकांची महिन्यातून एकदा बैठक भरते. विषय कायम वाचनसंस्कृती. दातांचे एक डॉक्टर भयकथा लिहितात (त्यांना साहित्य शोधायला लांब जावं लागत नाही), एक ताई गझला लिहितात, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या तिघांची नर्मदा परिक्रमेवरची तीन स्वतंत्र पुस्तकं आहेत. प्रत्येकजण पिशवीत आपल्या प्रती घेऊन येतो, त्या 'सप्रेम भेट' लिहून वाटतो आणि दुसऱ्यांच्या घेऊन जातो. येताना पिशवीला जेवढं वजन, तेवढंच जाताना. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी 1878 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली, तेव्हाही परतीच्या वाटेवर हेच झालं असणार, असा माझा दाट संशय आहे.

भेट फुकट असते, अभिप्राय फुकट नसतो. तो पुढच्या बैठकीला द्यावा लागतो, तोही चारचौघांत. त्याची भाषा हळूहळू अंगवळणी पडते. 'मुखपृष्ठ फार बोलकं आहे' म्हणजे पुस्तक पाहिलं. 'अर्पणपत्रिकेनं डोळे पाणावले' म्हणजे उघडलं. 'एका बैठकीत वाचलं' म्हणजे बैठक एकच झाली. 'हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला हवं' असं कुणी म्हणालं, की पहिल्यांदाचं अजून राहिलंय हे ओळखावं. परिक्रमावाल्यांची मोठी सोय आहे. तिघांनाही एकच अभिप्राय चालतो, शूलपाणीच्या झाडीचा तेवढा उल्लेख हवा.

माझ्या पुस्तकाबद्दल मात्र प्रत्येकजण ऋणनिर्देशावरच बोलत होता. डॉक्टर म्हणाले, "माझं नाव दुसऱ्या परिच्छेदात आलं, बरं वाटलं." ताईंनी स्वतःच्या नावाखाली पेन्सिलनं रेघ मारून आणली होती. आमच्या हिच्या मावशींनी फोन करून सांगितलं की पुस्तक उत्तम आहे, फक्त त्यांचं नाव त्यांच्या जाऊबाईंच्या नंतर आलंय. चहावर मी 135 पानं लिहिली होती. त्यातलं एक पान कुणी उलटल्याचा पुरावा मिळेना.

अशात एका रविवारी सकाळी साडू आले. हातात पुस्तक, पुस्तकात बसच्या तिकिटांच्या खुणा. "पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं," ते म्हणाले. मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"सगळं?"

"मग काय करणार? मागं नाव नाही म्हटल्यावर आत कुठंतरी घातलं असेल, म्हणून शोधत गेलो." त्यांनी चष्मा लावला. "दार्जिलिंगच्या चहात तुम्ही दूध घातलंय, ते चूक आहे. अमृततुल्यवाला लेख बरा जमलाय. आणि पान 71 वर तो माणूस आहे ना, एकच पुडी दोनदा उकळणारा, पाहुण्यांना अर्धा कप देणारा, तो मी."

ही स्वयंपाकघरातून डोकावली आणि लगेच आत गेली. मी म्हटलं, "अहो, ती काल्पनिक व्यक्ती आहे."

"काल्पनिक माणसाला माझा करड्या रंगाचा स्वेटर कसा?" ते म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. उलट चेहरा खुलला होता. "सबंध लेख आहे माझ्यावर, साडेचार पानांचा! त्या डॉक्टरला एक ओळ मिळालीय. ऑफिसच्या ग्रुपात मी सगळ्यांना सांगितलंय. दहा प्रती बांधून द्या."

ही माझी पहिली खरीखुरी विक्री. मी दिवाणाखालचा खोका ओढला, प्रती पुसल्या, सुतळीनं बांधल्या. साडूंनी पाकीट काढलं, मलपृष्ठावरची किंमत पाहिली आणि पाकीट पुन्हा मिटलं.

"दुकानदाराला किती सोडता?"

"चाळीस टक्के."

"तो परका," साडू म्हणाले. "मला पन्नास लावा. आणि चहा टाकायला सांगा, अर्धाच."