वार्षिक पारायणाबद्दल मनःपूर्वक आभार

प्रति,
अमेरिकी सिनेटचे सर्व सन्माननीय सदस्य,
कॅपिटॉल, वॉशिंग्टन

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले आभार. दर फेब्रुवारीत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीच्या सुमारास आपण त्यांचे निरोपाचे पत्र सभागृहात मोठ्याने वाचता. १८९६ पासून हा परिपाठ एकाही वर्षी चुकलेला नाही. ७,६४१ शब्द, सुमारे पाऊण तास. यंदा एका पक्षाचा सदस्य वाचतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाचा. वाचून झाले की तो काळ्या चामड्याच्या बांधणीच्या वहीत सही करतो आणि चार ओळींचा अभिप्राय लिहितो. दोन्ही पक्षांनी आळीपाळीने, विनातक्रार पार पाडावे असे आपल्याकडे दुसरे काम फारसे उरलेले नाही. तेव्हा या कामाचे मोल आम्ही जाणतो.

वाचन चालू असताना सभागृहातल्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात, याबद्दलही आम्ही राग धरत नाही. आपण कामाची माणसे. आमच्याकडे सत्यनारायणाची पोथी गुरुजी कितीही भरभर वाचोत, घरचे लोक निदान हात जोडून समोर बसलेले असतात. पण ती आमची जुनी सवय. आपण प्रगत.

ज्यांचे पत्र आपण वाचता त्यांना ते लिहिण्याची सक्ती नव्हती. तिसऱ्यांदा उभे राहिले असते तर त्यांना कोणी अडवले नसते. त्यांनी खुर्ची सोडली आणि १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात आपले म्हणणे छापून दिले. भाषण म्हणून ते कधी केलेच नाही. पहिला मसुदा १७९२ मध्ये जेम्स मॅडिसन यांनी करून दिला होता, नंतरचा अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी. चार वर्षांत हे दोघे परस्परविरोधी गटांचे पुढारी होऊन बसले होते. गटबाजी म्हणजे काय हे त्या म्हाताऱ्याला पुस्तकात वाचावे लागले नाही, त्याने ते स्वतःच्या मंत्रिमंडळात पाहिले.

त्या पत्रातला गाभा आपल्याला पाठच असेल, तरी या पत्राच्या इतर वाचकांसाठी सांगतो. एक गट सत्तेवर येतो आणि दुसऱ्यावर सूड उगवतो. मग दुसरा येतो आणि त्या सुडाचे उट्टे काढतो. हे चालता चालता लोक इतके विटतात, की सुटका म्हणून कोण्या एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता सोपवायला तयार होतात. आणि तो माणूस लोकांच्या स्वातंत्र्यावर पाय देऊन वर चढतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्यांनी हा क्रम पायरीपायरीने लिहून ठेवला.

त्यातली प्रत्येक पायरी आपण प्रात्यक्षिकासह समजावून दिलीत, त्याबद्दल आपले ऋण कसे फेडावे?

२०१३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे बहुमत होते. सर्वोच्च न्यायालय वगळता बाकीच्या नेमणुकांसाठी लागणारी ६० मतांची अट त्यांनी काढून टाकली. २०१६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी झाली. आता बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे होते. निवडणुकीचे वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या, असे म्हणून त्यांनी मेरिक गारलँड यांच्या नावावर साधी सुनावणीही होऊ दिली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठीची ६० मतांची अटही गेली. आणि २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा जागा रिकामी झाली तेव्हा जनतेला ठरवू देण्याची गरज त्याच बहुमतवाल्यांना आठवली नाही. मतदानाला आठ दिवस उरले असताना नवी नेमणूक मंजूर झाली. ५२ विरुद्ध ४८. विरुद्ध पक्षाचे एकही मत बाजूने नाही.

त्या चारही वर्षी फेब्रुवारीत पत्र वाचले गेले होते.

प्रत्येक वेळी आपण किती सौजन्याने खुलासा केलात, की सुरुवात समोरच्यांनी केली! तेही खरेच होते. प्रत्येक वेळी खरे होते. सुडाचा फेरा तसाच तर चालतो, आणि म्हणूनच तो कोणीतरी नुकसान सोसून थांबवावा लागतो. आपल्यापैकी कोणी थांबवला नाही.

२०१८ च्या डिसेंबरापासून सरकारी कामकाज ३५ दिवस बंद पडले, त्याबद्दलही आपल्याला धन्यवाद देणे लागते. अध्यक्षांचा हट्ट होता हे मान्य, पण तिजोरीच्या किल्ल्या संविधानाने आपल्या सभागृहांकडे दिल्या आहेत. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासणारी माणसे बिनपगारी कामावर येत होती आणि सुटी झाली की मोफत धान्य मिळते तिथे रांगेत उभी राहत होती. देशाची पत जपून वापरा, शांततेच्या काळात कर्ज फेडा, आपले ओझे पुढच्या पिढीवर टाकू नका, हेही त्याच पत्रात आहे. २०२४ अखेर ते ओझे ३६ लाख कोटी डॉलरच्या वर गेले.

परदेशांशी कायमची युती नको, हे वाक्य मात्र आपण अडीअडचणीला नेमके काढता. तो सल्ला नव्या, दुबळ्या देशासाठी होता आणि त्याचे वय झाले आहे, असे माझे मत. गुलामगिरीबद्दल तर त्या पत्रात अवाक्षर नाही. स्वतः गुलाम बाळगणाऱ्या माणसाने तिथे तोंड मिटून घेतले, आणि देश पुढे त्याच प्रश्नावर फाटला. गटबाजीचा भाग तेवढा अजून कोरा करकरीत आहे.

फाटलेल्या त्या देशात, २२ फेब्रुवारी १८६२ रोजी, हे पत्र काँग्रेसमध्ये पहिल्यांदा वाचले गेले. फिलाडेल्फियाच्या नागरिकांनी तसा अर्ज केला होता. तो मांडणारे अँड्र्यू जॉन्सन टेनेसीचे, म्हणजे फुटून निघालेल्या राज्याचे, तरीही जागा न सोडलेले सिनेटर. बाहेर युद्ध पेटलेले. त्या दिवशी ते पत्र कोणी रिवाज म्हणून वाचले नसणार.

६ जानेवारी २०२१ रोजी जमाव आपल्याच सभागृहात घुसला आणि आपल्याला जीव वाचवून निघावे लागले. त्या प्रकरणी माजी अध्यक्षांवर चाललेल्या महाभियोगाचा निकाल आपण १३ फेब्रुवारीला दिलात. दोषी ठरवण्यासाठी ६७ मते हवी होती, पडली ५७. स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देणारे सात जण होते. त्यांना मी या पत्रातून आदराने वगळतो. बाकीच्यांचे काय सांगावे? त्याच महिन्यात आपण ते पत्रही वाचलेत.

हे सगळे मराठीत लिहिण्याचे कारण असे, की हाच इशारा आम्हालाही मिळालेला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, की पक्षांनी आपले मत देशापेक्षा मोठे मानले तर स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल, आणि राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता आहे. आम्ही २६ नोव्हेंबरला शाळाशाळांतून संविधानाची उद्देशिका वाचतो. आपली वाटचाल आम्ही काळजीने बघतो, ती याचसाठी.

तेव्हा एकच नम्र विनंती. वाचनाचा दिवस बदला. जयंतीला वाचू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या पुढच्या नेमणुकीवर मतदान असेल, त्याच्या आदल्या संध्याकाळी गटबाजीवरची तेवढी पाने वाचा, शंभरच्या शंभर जण हजर असताना. आणि ज्या पक्षाकडे बहुमत असेल त्याच्याच सदस्याला वाचायला उभे करा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मराठी वाचक